मनोऱ्याचा इतिहास लिहिणाऱ्यांसाठी काही नम्र सूचना

शहराच्या मध्यवस्तीतील एका कार्यालयीन मनोऱ्याच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहास लिहून देण्याची दुर्बुद्धी मला नुकतीच झाली. चाळीस पानांचे टिपण दिले. त्यातली सहा पाने उरली आणि 'मजकूर जरा सकारात्मक असावा' असा शेरा तेवढा समासात मिळाला. असे काम पुढेमागे आपल्याही गळ्यात पडू शकते, म्हणून माझ्या नव्या शहाणपणाचा लाभ आपणास देत आहे.

आरंभ नेहमी उंचीने करावा. न्यूयॉर्कच्या क्रायस्लर इमारतीचा कळस आतल्या आत गुपचूप जुळवून अचानक वर काढण्यात आला आणि १९३० मध्ये ती ३१९ मीटर उंचीची, जगातील सर्वांत उंच इमारत ठरली, हे अवश्य लिहावे. तो मान पुढे वर्षभरही टिकला नाही, ही बाब 'एकेकाळी' या एका शब्दात बसवता येते.

मनोऱ्याच्या जागी आधी काय होते हे लिहू नये. मनोऱ्याची वाट पाहत जमीन रिकामी पडून होती, असेच वाचकाला वाटले पाहिजे.

मनोरा हा संस्थापकांच्या स्वप्नातून उगवतो, हे विसरू नये. एलिशा ओटिस यांनी १८५० च्या दशकात दोर तुटला तरी कोसळणार नाही अशी लिफ्ट दाखवली नसती, तर दहाव्या मजल्यावरची खोली कोणी फुकटही घेतली नसती. पण स्वप्नात जिने नसतात, तेव्हा लिफ्टचीही गरज नाही. विल्यम जेनी यांनी शिकागोत १८८५ मध्ये धातूच्या सांगाड्यावर दहा मजली इमारत उभारून पुढच्या सगळ्या मनोऱ्यांची वाट मोकळी केली. ती १९३१ मध्ये पाडली गेली. पाडलेल्या इमारतींना स्मरणिका नसतात, त्यामुळे हा प्रश्न आपोआप मिटतो.

सावलीचा उल्लेख टाळावा. न्यूयॉर्कची ३८ मजली इक्विटेबल इमारत १९१५ मध्ये जेमतेम एकरभर जागेवर सरळ भिंतीसारखी उभी राहिली आणि शेजाऱ्यांचा सूर्य गेला. लगेच १९१६ मध्ये वरचे मजले मागे घेण्याचा कायदा करावा लागला. पुढची अनेक वर्षे त्या शहरातील मनोरे पायऱ्यापायऱ्यांनी निमुळते होत गेले, आणि आपण त्याला 'कलात्मक रचना' म्हणतो. म्हणत राहावे.

रिकाम्या मजल्यांविषयी मौन बरे. एम्पायर स्टेट इमारत ४१० दिवसांत उभी राहिली, हे ठळक अक्षरांत छापावे. १ मे १९३१ रोजी ती उघडली तेव्हा मंदीमुळे भाडेकरूच मिळेनात आणि लोक तिला 'एम्प्टी स्टेट', म्हणजे रिकामी, म्हणू लागले, हे छापू नये. शेंड्यावरचा खांब फुग्यासारखी तरंगणारी हवाई जहाजे बांधून ठेवण्यासाठी योजला होता आणि त्याला एक छोटे जहाज कसेबसे तीन मिनिटे बांधले गेले, हे मी मोठ्या हौसेने लिहिले होते. संपादक मंडळाला त्यात विनोद दिसला नाही.

दोषांबद्दल मात्र विशेष दक्ष असावे, कारण इतिहासाला खरी कीड तिथे लागते. बोस्टनच्या हॅन्कॉक मनोऱ्याच्या काचा निखळून रस्त्यावर पडू लागल्या, त्यांच्या जागी प्लायवूड ठोकावे लागले आणि शेवटी १०,३४४ काचा बदलाव्या लागल्या. याला 'दर्शनी भागाचे नूतनीकरण' म्हणता येते. न्यूयॉर्कच्या सिटीकॉर्प मनोऱ्याचे प्रकरण त्याहून नाजूक आहे. भूखंडाच्या कोपऱ्यात चर्च होते, म्हणून १९७७ मध्ये पुऱ्या झालेल्या या ५९ मजली मनोऱ्याचे नऊ मजले उंचीचे खांब कोपऱ्यांखाली न देता बाजूंच्या मध्यावर दिले. पुढच्याच वर्षी संरचना अभियंता विल्यम लेमेझुरिए यांच्या ध्यानात आले की कोपऱ्यावर तिरपा येणारा वारा या सांगाड्याला भारी आहे, आणि वेल्डिंगने करायचे जोड प्रत्यक्षात बोल्टने केले आहेत. शेंड्यावरचा डोलावा रोखणारा ठोकळा वीज जाऊन थांबला, तर सरासरी सोळा वर्षांत एकदा येणारे वादळही मनोरा पाडील, असा त्यांचा हिशेब होता. त्यांनी तो लपवला नाही, मालकांसमोर मांडला, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. मग कार्यालये सुटल्यावर रात्री वेल्डर येत, जोडांवर पोलादी पट्ट्या बसवत आणि पहाटे जात. सकाळी तीच माणसे त्याच मेजांवर येऊन बसत. शहरातील वृत्तपत्रांचा संप चालू होता, तेव्हा विचारणारेही नव्हते. सप्टेंबरात एक चक्रीवादळ किनाऱ्याकडे निघाले आणि सुदैवाने समुद्राकडे वळले. आजूबाजूच्या गल्ल्यांत झोपणाऱ्यांना यातले काही कळले का? नाही. ते जाहीर झाले १९९५ मध्ये. सतरा वर्षे! ज्यांच्या डोक्यावर तो मनोरा पडला असता त्यांना सतरा वर्षे कोणी सांगितले नाही, आणि मी हा दाखला दिला तर संपादक मंडळ मला विचारते की 'याचा आपल्या वास्तूशी काय संबंध?'

संबंध आहे. या वास्तूच्या बांधकामात मेलेल्या कामगारांचा परिच्छेद आपण 'जागेअभावी' वगळलात. एम्पायर स्टेटच्या अधिकृत नोंदीत निदान पाच मृत्यूंचा आकडा तरी आहे. आपल्या स्मरणिकेत तो आकडाही नाही. प्रवेशदालनातील संगमरवर कोठून आणला यावर मात्र दीड पान आहे. जागा नव्हती म्हणता? अध्यक्षांची तीन छायाचित्रे आहेत आणि तिन्हींत ते एकच फीत कापत आहेत. हा इतिहास नव्हे, भाडेकरू मिळवण्याचे पत्रक आहे, आणि तेच हवे होते तर तसे स्पष्ट सांगायला हवे होते; मी नकार दिला असता आणि जुन्या नोंदवह्या चाळण्यात घालवलेले तीन महिने वाचले असते. वर्षानुवर्षे पहाटे मजले पुसणाऱ्या बायका, तळघरात यंत्रे सांभाळणारे तंत्रज्ञ, सांगाड्यावर चढून रिव्हेट ठोकणारे गडी, यांतल्या एकाचेही नाव शंभर पानांत येऊ नये याची लाज वाटायला हवी. मलाही, कारण त्या सहा पानांखाली माझे नाव आहे.

तो परिच्छेद होता तसा परत घाला, नाहीतर छपाईपूर्वी माझे नाव काढा.