इंग्रजांकडून शिका म्हणे!

सदाशिव पेठेतला आमचा वाडा बिल्डरला द्यायचा की नाही, यावरून घरच्या ग्रुपवर महिनाभर जुंपली आहे. परवा दादाने त्यात टाकलं, "इंग्रजांकडून शिका, घरं कशी जपतात!" वर पुरावा म्हणून माझाच फोटो. लंडनमधल्या ऑस्टर्ली पार्क या जुन्या सरदारी घरासमोर, हातात कॉफी.

दादा, मी तिथून दोन स्टेशनांवर राहतो. बँक हॉलिडेला पोरं तिथल्या तळ्यावर बदकं बघतात. म्हणून सांगतो, ते घर काही रसिकतेवर टिकलेलं नाही. १५७० च्या दशकात ते टॉमस ग्रेशम या बड्या व्यापाऱ्याने बांधलं आणि १७१३ मध्ये चाइल्ड घराण्याकडे आलं. यांची फ्लीट स्ट्रीटवर पेढी आणि घरातली माणसं ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांत. १७६१ पासून वास्तुविशारद रॉबर्ट ॲडमने त्याचा कायापालट केला. त्या साली आपण पानिपतावर होतो.

पुढे १७८२ मध्ये रॉबर्ट चाइल्डची एकुलती एक मुलगी अर्ल ऑफ वेस्टमोरलंडबरोबर लग्नासाठी स्कॉटलंडातल्या ग्रेटना ग्रीनला पळाली. बाप असा भडकला की मृत्युपत्रात तिला बाजूला सारून घर आणि पेढी जाईल ती नातीकडे, अशी तजवीज करून गेला. ही सारा सोफिया पुढे लेडी जर्सी झाली आणि साठ वर्षं पेढीची मुख्य भागीदार राहिली.

घर एक, वारस एक. आपल्या प्रॉपर्टी कार्डावर २३ नावं, त्यातली सहा माणसं हयातच नाहीत. भाडेकरू महिना २५ रुपये देतात, तेही उपकार केल्यासारखे. त्यात कौलं कोण चाळणार?

आणि एवढा पैसा असूनही मालकांना ते शेवटपर्यंत झेपलं का? नवव्या अर्ल ऑफ जर्सींनी १९३९ मध्ये लोकांना आत सोडायला सुरुवात केली, १९४९ मध्ये घर नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला, देऊन टाकलं आणि स्वतः जर्सी बेटावर राहायला गेले. मग सरकारने त्याच बागेतून एम-फोर महामार्ग नेला. जपतात म्हणे! २०२० मध्ये ट्रस्टने कुठल्या घराचा वसाहतींशी काय संबंध हे छापलं, तर सदस्यच खवळले.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. दादाने नुसता अंगठा दाखवला. काकूंनी विचारलं, "अरे, पण मग तुझं मत काय? पाडायचा की ठेवायचा?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही. ट्रस्टची मेंबरशिप दर वर्षी डायरेक्ट डेबिटने जाते, मला कळतही नाही. गेल्या पावसाळ्यात माडीचा वासा बदलायला वर्गणी निघाली तेव्हा मात्र "बघतो" म्हणालो होतो. दोनदा.

दादाने कुरियरने पाठवलेलं कुलमुखत्यारपत्र मायक्रोवेव्हवर पडून आहे. सही कुठे करायची तिथे त्याने पेन्सिलीने बारीक फुली मारली आहे, लहानपणी माझ्या गणिताच्या वहीत मारायचा तशी.