‘अर्धं पुस्तक तळटिपांनीच भरलंय’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

मध्ययुगीन युरोपातल्या शिष्टाचारांवरचा एक आणि इंग्लंडमधल्या कारागीर-संघांच्या नाटकांवरचा एक, असा दोन अभ्यासग्रंथांचा संच तुम्ही आमच्याकडून मागवला होता. त्यावरचा तुमचा अभिप्राय वाचला. एकच स्टार दिलात, पण सोबत कारणंही लिहिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पहिल्या पुस्तकाची अर्धी पानं तळटिपांत आणि जुन्या इंग्रजी मजकुरात गेली आहेत. त्यातले नियम वाचले की ती माणसं किती गलिच्छ होती ते कळतं, पण लेखक ते स्पष्ट म्हणायला कचरतो. दुसरं पुस्तक म्हणजे नुसती जमाखर्चाची वही. आणि दोन्हींचा एकमेकांशी काडीचा संबंध नसताना आम्ही पडून राहिलेला माल एकत्र बांधून विकला. किंमत भरमसाट आहे, हेही तुम्ही लिहिलंय.

किमतीचं आधी सांगून टाकतो. असे ग्रंथ काहीशे प्रतींतच छापले जातात आणि त्यातल्या बहुतेक विद्यापीठांच्या ग्रंथालयांत जातात. पानांच्या संख्येवर त्यांची किंमत ठरत नाही, आणि ती ठरवतो प्रकाशक. तुम्हाला ती जास्त वाटली हे समजू शकतो. मूळ मजकूर मध्ययुगीन इंग्रजीत आहे, ही गोष्ट संचाच्या वर्णनात पहिल्याच परिच्छेदात दिलेली आहे.

‘गलिच्छ’ या शब्दाशी मात्र मी सहमत नाही.

तुम्ही उदाहरण दिलंत ते ढेकर द्यायचा असेल तर छताकडे बघावं, या नियमाचं. तो डॅनियल ऑफ बेकल्स या कवीच्या नावावर असलेल्या, बाराव्या शतकाच्या अखेरच्या लॅटिन काव्यातला आहे. जवळपास २८०० ओळींचं हे काव्य. त्याचं इंग्रजी भाषांतर २०१९ मध्ये आलं. त्यातली एक ओळ सुटी काढली की कुणालाही हसू येतं. पण हा नियम कशासाठी आहे? समोर बसलेल्या माणसाच्या तोंडावर ढेकर जाऊ नये म्हणून. हा दुसऱ्याचा विचार आहे, आणि तो ८०० वर्षांपूर्वी कुणीतरी छंदात बसवून ठेवला.

तेराव्या शतकाच्या अखेरीला मिलानमध्ये बोन्वेसिन द ला रिवा नावाच्या शिक्षकाने जेवणाच्या टेबलावरचे ५० नियम पद्यात लिहिले. शिंक किंवा खोकला आला तर तोंड वळव, पेला तोंडाला लावण्याआधी ओठ पूस, असे बरेचसे नियम शरीराबद्दलचे आहेत. हे नियम जिथे लागू होते ते टेबल डोळ्यांसमोर आणा. काटे नाहीत. सुरी, चमचा आणि बोटं. पुष्कळदा दोन माणसांत एक ताट आणि एक पेला. शेजाऱ्याच्या ओठांना लागलेला पेला आपण उचलायचा असेल, तर ओठ पुसण्याचा नियम ही काळजी झाली, त्यात गलिच्छपणा कुठे आला? आणि बोन्वेसिनच्या यादीतला पहिला नियम कोणता आहे ते बघा: जेवायला बसलास की सगळ्यात आधी गरजू गरिबाची आठवण ठेव. हात कसे धुवायचे ते त्यानंतर येतं.

आता तळटिपा. तुमची मुख्य तक्रार त्यांच्याबद्दल आहे आणि माझा मुख्य मतभेदही तिथेच आहे.

शिष्टाचाराची पुस्तकं एकमेकांवरून उतरवली जात. टेबलापाशी उभ्या राहणाऱ्या मुलासाठीचे नियम सांगणारी एक छोटी लॅटिन कविता तेराव्या शतकात रॉबर्ट ग्रोसटेस्ट या बिशपच्या नावावर फिरत होती. पंधराव्या शतकात जॉन लिडगेट या कवीने ती इंग्रजीत आणली. म्हणजे पंधराव्या शतकातल्या इंग्रजी पुस्तकात एखादा नियम दिसला, तर तो लिहिणाऱ्याने आजूबाजूला पाहून लिहिला की २०० वर्षांपूर्वीच्या लॅटिन ओळीवरून घेतला, हे आधी ठरवावं लागतं. मूळ मजकुरात ते कुठेच लिहिलेलं नसतं. ते कळतं तळटिपेत, कारण तिथे प्रत्येक नियमाचा माग काढलेला असतो. त्या वगळून वाचलं, तर ‘पंधराव्या शतकात लोक असे वागत’ हे विधान करण्याचा आधारच उरत नाही. लेखक म्हणूनच जपून बोलतो, आणि त्याचं हे जपून बोलणं मला त्या पुस्तकातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते.

तुम्हाला हवा तसा ठाम निष्कर्ष काढणारेही आहेत. नॉर्बर्ट एलियास या समाजशास्त्रज्ञाने १९३९ मध्ये अशाच शिष्टाचार-पुस्तकांवरून मोठा सिद्धांत मांडला: शरमेची आणि किळसेची मर्यादा युरोपात शतकामागून शतक वर सरकत गेली. तो ग्रंथ वाचण्यासारखाच आहे. पण मध्ययुगाच्या अभ्यासकांनी त्याच्याशी वाद घातला आहे, आणि वादाचा एक धागा हाच आहे की मनाई वाचून सवय सिद्ध होत नाही.

तुम्ही मागवलेल्या पहिल्या पुस्तकात जॉन रसेलचा उतारा आहे. ग्लॉस्टरचा ड्यूक हम्फ्री याच्या वाड्यात काम केलेला हा माणूस, पंधराव्या शतकातला. नव्याने चाकरीला लागलेल्या मुलाला तो पावांबद्दल सांगतो: मालकाचा पाव ताजा, घरातल्या माणसांचा तीन दिवसांचा, आणि ताटाऐवजी वापरायचा पाव चार दिवसांचा. कारण उघड आहे. ताजा पाव रश्शाने लगेच भिजून फुटतो, शिळा कडक पाव मांस-रस्सा धरून राहतो. कोण कोणत्या दर्जाचा, हे पाव किती शिळा यावरून कळत होतं, आणि हे सगळं एका पोराला पाठ व्हावं म्हणून पद्यात होतं. जुन्या इंग्रजीतला तो उतारा काढून त्याचा सारांश दिला असता, तर हा तीन-चार दिवसांचा हिशेब पहिल्याच फटक्यात गळाला असता.

दुसऱ्या पुस्तकाला तुम्ही जमाखर्चाची वही म्हणालात. बरोबर आहे, बऱ्याच भागात ती तशीच आहे. पण ती कुणाची वही आहे?

यॉर्क, कॉव्हेंट्री, चेस्टर अशा शहरांत कारागिरांचे संघ बायबलची कथा, काही ठिकाणी सृष्टीच्या उत्पत्तीपासून अंतिम न्यायापर्यंत, चाकांच्या गाड्यांवर, रस्त्यारस्त्यांत सादर करत. यॉर्कमध्ये नोहाचं तारू बांधण्याचा प्रवेश जहाज बांधणाऱ्यांकडे होता, येशूच्या शेवटच्या भोजनाचा बेकरांकडे, अंतिम न्यायाचा मोठ्या व्यापाऱ्यांकडे. तिथली शेवटची नोंदलेली जुनी सादरीकरणं १५६९ ची. काही शहरांच्या संहिता वाचल्या, काहींच्या गेल्या. पण संहितेत शब्द असतात. खेळ कसा उभा राहत होता ते हिशेबात सापडतं.

कॉव्हेंट्रीच्या लोहारांच्या १५७३ च्या हिशेबात फॉस्टन नावाच्या माणसाला दोन रकमा दिलेल्या आहेत: येशूला दगा देणाऱ्या जुडासला फाशी देण्याचे ४ पेन्स आणि कोंबड्यासारखं आरवण्याचे ४ पेन्स. शिष्य पीटर येशूला ओळखतच नाही असं म्हणतो तेव्हा कोंबडा आरवतो, तो हा कोंबडा. एकच माणूस गाड्यामागे राहून दोन्ही कामं सांभाळत असणार, असा माझा अंदाज आहे. त्याच शहरातल्या कापड-व्यापाऱ्यांच्या हिशेबात जग पेटवून देण्याचे ५ पेन्स लावलेत, कारण त्यांच्याकडे जगाच्या अंताचा प्रवेश होता. एका नोंदीत तीन जगं बनवून घेतल्याचे पैसे आहेत. प्रत्येक खेळाला एक जग जळणार, म्हणजे खेळ तीन ठिकाणी होत असावा, असं अभ्यासक त्यावरून म्हणतात. कुठल्याही संहितेत ही माहिती नाही.

यॉर्कच्या व्यापाऱ्यांची १४३३ ची सामानाची यादी तर मी अनेकांना मुद्दाम काढून दाखवतो. ती अभ्यासकांपुढे आली १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला. त्यात चार चाकांचा गाडा आहे, नरकाचं तोंड आहे, तीन मुखवट्यांत मिळून सैतानाचे सहा चेहरे आहेत. टोकांना लोखंड लावलेले देवदूतांचे पंख आहेत. स्वर्ग वर धरून ठेवायला चार लोखंडी गज. स्वर्गात पळण्यासाठी लाल रंगवलेले नऊ छोटे देवदूत, आणि त्यांना पळवायला एक लांब, बारीक दोरी. ही दोरी कुणीतरी लिहून ठेवली म्हणून गाड्यावरचे देवदूत हलत होते हे आज आपल्याला माहीत आहे. पुस्तकात ही यादी एका सलग परिच्छेदात, बारीक टायपात आहे, नजरेतून सुटली असेल तर पुन्हा काढून बघा.

असल्या नोंदी कुणी जशाच्या तशा छापल्या नाहीत तर काय होतं, याचंही उदाहरण कॉव्हेंट्रीचंच आहे. फॉस्टनच्या त्या आठ पेन्सांची मूळ कागदपत्रं आज अस्तित्वात नाहीत. १८७९ मध्ये बर्मिंगहॅमच्या ग्रंथालयाला लागलेल्या आगीत जळाली. आपल्याला ती कळतात ती थॉमस शार्प या स्थानिक अभ्यासकाने त्यांच्या नकला करून १८२५ मध्ये छापल्या म्हणून. त्यानेही सगळं छापलं नाही, आणि जे गाळलं त्यातलं बरंचसं कायमचं गेलं. टोरोंटो विद्यापीठात १९७० च्या दशकात सुरू झालेल्या प्रकल्पाने म्हणूनच इंग्लंडमधल्या शहराशहरांच्या नाटकांसंबंधीच्या नोंदी निवड न करता छापायला घेतल्या. दुसरं पुस्तक त्याच पद्धतीचं आहे.

राहिला संच बांधण्याचा मुद्दा. ही दोन पुस्तकं मी जाणूनबुजून एकत्र ठेवली आहेत.

शिष्टाचार म्हणजे सरदारांच्या वाड्यातली गोष्ट आणि नाटक म्हणजे रस्त्यावरच्या कारागिरांची, अशी विभागणी तुम्ही केलीत. १३८८ च्या अखेरीला दुसऱ्या रिचर्ड राजाच्या सरकारने इंग्लंडभरच्या संघांकडून त्यांच्या नियमांची माहिती मागवली होती. ती उत्तरं वाचली की ही विभागणी टिकत नाही. संघाच्या बैठकीला आणि मद्यपानाच्या वेळी अनवाणी, उघड्या पायांनी यायचं नाही, प्रमुखाशी उद्धट बोलायचं नाही, बोलाल तर दंड, असं शिंपी-सुतारांसारखी माणसं आपल्याआपण ठरवत होती. ड्यूकच्या वाड्यातला रसेल पोराला जे शिकवतो त्याच जातीचे हे नियम. फरक इतकाच की इथे वरून कुणी शिकवत नव्हतं.

आणि असेच संघ नाटक करत होते. खेळाच्या दिवशी यॉर्कमध्ये दवंडी दिली जाई: शांतता मोडेल आणि खेळात अडथळा येईल अशी तलवार किंवा कुऱ्हाड घेऊन कुणी फिरू नये, नट चांगले असावेत, वेशभूषा नीट असावी, बोलणं स्पष्ट ऐकू यावं, सकाळी साडेचारच्या सुमारास सगळ्यांनी तयार असावं. १४७६ मध्ये तिथल्या नगरसभेने ठरवलं की चार जाणकार नटांनी आधी सगळ्या खेळांची परीक्षा घ्यावी आणि कसब, आवाज किंवा अंगकाठी यांत कमी पडेल त्याला काढावं. प्रेक्षकाने कसं वागावं आणि नटाने कसं बोलावं, दोन्ही गोष्टी शहरानेच ठरवलेल्या. ही शिष्टाचाराच्या पुस्तकात घालायची की नाटकाच्या? मला उत्तर सापडलं नाही, म्हणून मी दोन्ही पुस्तकं सोबत देतो.

एवढं वाचूनही संच नको असेल, तर परत पाठवा. पाठवण्याचा खर्च आमचा. दोनांतलं एकच परत करायचं असेल तरी चालेल. नाटकंच वाचायची असतील, तर यॉर्कच्या नाटकांची आधुनिक स्पेलिंगमधली निवडक आवृत्ती मिळते, त्यात २२ नाटकं आहेत आणि टिपा मोजक्या आहेत. बदली म्हणून ती घेता येईल. तुमचा अभिप्राय काढा किंवा बदला असं मी म्हणणार नाही.

दुसरं पुस्तक ठेवणार असाल, तर मागचा शब्दकोश उघडून शेजारी ठेवा आणि नोंदी मोठ्याने वाचा. पंधराव्या शतकातलं स्पेलिंग डोळ्यांना अडतं, पण कानाला त्यातलं बरंचसं कळतं.