स्मार्ट रस्त्यावरून गावी येताना

यंदा गणपतीला येताना महामार्गावर तुमचा वेग लाल आकड्यांत दाखवणारी पाटी दिसली, तर बिचकू नका. पाटीत रडार असतं. आकडा बघून ब्रेक मारायचा, असा काहींचा गैरसमज आहे. छे! आकडा मोठा आला पाहिजे. मागच्या सीटवरच्याने मोबाइल तयार ठेवावा. ९४ झळकलं की फोटो काढायचा, शिमग्यापर्यंत स्टेटसला पुरतो. पाटी पावती फाडत नाही, नुसती दाखवते. इतकी सहनशील सरकारी वस्तू आमच्या तालुक्यात दुसरी नाही.

घाटातल्या वळणावर सोलर ब्लिंकर, म्हणजे उन्हावर चालणारा लुकलुकता इशारा-दिवा असेल. श्रावणात त्याला ऊन मिळत नाही, पॅनेलवर शेवाळ धरतं आणि धुक्यात तो गप्प राहतो. त्याला दोष देऊ नका. मे महिन्याच्या लख्ख दुपारी या, कसा डोळे मिचकावतो बघा.

आता लाल बटण. १ जानेवारी २०१९ पासून नव्या प्रवासी बस-टॅक्सींत जीपीएस ट्रॅकर आणि आपत्कालीन बटण सक्तीचं आहे. दाबलं की नियंत्रण कक्षाला संदेश जातो. रेंज नसेल तर यंत्र नोंद साठवून ठेवतं आणि रेंज आली की पाठवतं. सोय उत्तमच. म्हणून गाडी दरीत घालायचीच असेल, तर टॉवर दिसेल अशी दरी निवडा. बटणावर भाजीची पिशवी अडकवली असेल तर आधी ती काढा.

शेजारच्या रुळांकडे बघून मनात तुलना आणू नका. कोकण रेल्वेने सावित्रीच्या पुलावर पुराची सूचना देणारी यंत्रणा बसवली आहे, रत्नागिरीजवळच्या पानवलच्या उंच पुलावर वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र आहे. इशारा आला की पलीकडे कुणीतरी जागा असतो आणि गाडी थांबवतो. हा पलीकडचा जागा माणूस टेंडरमध्ये बसत नाही, म्हणून रस्त्यावर आपण फक्त यंत्र घेतो. त्याच सावित्रीवरचा महाडजवळचा ब्रिटिशकालीन दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला. दोन एसटी गाड्या प्रवाशांसकट वाहून गेल्या. तेव्हापासून पावसाळ्यात पुलाआधी देवाला गाऱ्हाणं घालायची पद्धत आहे. त्याला रेंज लागत नाही.

आणि रात्री रस्त्यात बसणाऱ्या गुरांच्या गळ्यात चमकती पट्टी बांधायला मात्र कुणी पुढे होऊ नका. थोड्या पैशांत काम होतं, मग उद्घाटनाला साहेब कशाला येतील?