ओढणी

परवा रविवारी भाचीच्या मुलीच्या बारशाला ठाण्याहून नेरुळला निघालो. मी, सून आणि चार महिन्यांचा नातू. लेडीज डब्यात बसायला जागा मिळाली. ऐरोली गेलं आणि बाळ रडायला लागलं. सुनेने त्याला अंगावर घेतलं. समोर माझ्याच वयाच्या एक बाई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, काहीतरी घे की वरून. जाळीपलीकडे पुरुष आहेत."

सून काही बोलायच्या आत मीच पिशवीतून ओढणी काढली आणि दोघांवर टाकली. ते माझ्या मनातून जात नाही, म्हणून हे लिहितेय.

दुपारचा उकाडा, त्यात ओढणीखाली कोंडलेलं बाळ. चिमुकल्या मुठीने ते ओढणी ढकलत होतं, तोंड सोडून रडत होतं. जावळ घामाने कपाळाला चिकटलं होतं. सून हळूच म्हणाली, "आई, दूधच येत नाहीये."

माझ्या माहेरी गुरं होती. धार काढताना परकं माणूस गोठ्यात आलं की गाय पान्हा चोरते, हे लहानपणापासून बघितलंय. बाईच्या शरीराचंही तसंच आहे. ऑक्सिटोसिन नावाच्या संप्रेरकामुळे पान्हा फुटतो आणि भीती, लाज, ताण आला की तो अडतो. भर गाडीत तिला लाज आणली ती मीच.

तीच मी वर्षानुवर्षं जांभळी नाक्यावर भाजी घेतेय. मेथीच्या जुड्या लावता लावता मांडीवरच्या पोराला पाजणाऱ्या कितीतरी बाया तिथे बघितल्या. त्यांना कुणी 'झाकून घे' म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. आपल्या अब्रूच्या हिशेबात आपण त्यांना धरतच नाही. आपल्या घरातली सून पाजायला बसली की मात्र सगळ्यांचे डोळे तिकडे वळतात.

१९९० साली मीही लेकाला बसस्टॉपवर, दवाखान्याच्या बाकावर पाजलंय. तेव्हा साडीचा पदर होता, एवढाच फरक. आजच्या मुली कुर्ता नाहीतर शर्ट घालतात. पोशाख बदलला म्हणून आई निर्लज्ज होत नाही.

पहिले सहा महिने बाळाला फक्त अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तान्हं बाळ दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पितं. मग 'बाहेर पाजू नकोस' याचा अर्थ 'घराबाहेर पडू नकोस' असाच होतो. 'बाहेर जाताना बाटली न्यावी' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते, दूध पावडरीची आणि दुधाच्या बाटलीची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. ती उगाच घातलेली नाही.

एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतात. लेकरासाठी रायगडाचा कडा उतरलेल्या हिरकणीचं नाव त्यांना दिलंय. मागे एका स्टँडवर तो कक्ष शोधत गेलो, तर दाराला कुलूप. किल्लीवाला जेवायला गेलेला. पंखा, खुर्ची, पाणी असलेले उघडे कक्ष हवेतच, ज्या आईला आडोसा हवा तिच्यासाठी. पण कक्ष आहे म्हणून बाकीच्या आयांना तिकडे पिटाळायचं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलंय की सार्वजनिक ठिकाणी बाळाला पाजण्याकडे कलंक म्हणून बघू नये.

राहता राहिले जाळीपलीकडचे पुरुष. त्यांना मान वळवता येते. आपापल्या मुलांना हे घरातच शिकवायला हवं. मी माझ्या लेकाला कधी शिकवलं नाही, आता नातवाला सांगेन.

परतीच्या गाडीत रबाळ्याला त्याला पुन्हा भूक लागली. सुनेने माझ्याकडे बघितलं. ओढणी मी पिशवीतच राहू दिली, तिला खिडकीकडची जागा दिली आणि पाण्याची बाटली उघडून तिच्या हातात ठेवली. दिघा गाव येईपर्यंत तो पीत होता.