तुम्ही फुटबॉल बघता का, सर?

२०१४ मधली गोष्ट. मी इंग्लंडात नवा होतो आणि घरचं इंटरनेट तीन आठवडे रोज संध्याकाळी गचके खात होतं. सात ते दहा, म्हणजे माणूस घरी असतो नेमक्या त्याच वेळात. शेवटी वैतागून कंपनीला फोन लावला, खातं बंद करा, मी दुसरीकडे चाललो. पाऊण तास त्यांची ती धून ऐकल्यावर एक अतिशय गोड बोलणारा मुलगा लाइनवर आला. राउटरचे कुठले दिवे लागलेत ते त्याने विचारलं नाही. स्पीड किती येतो तेही नाही. त्याचा पहिला प्रश्न होता, "तुम्ही फुटबॉल बघता का, सर?"

बघतो म्हटलं. कुठला क्लब? सांगितला. मग पाच मिनिटं आम्ही आमच्या क्लबच्या बचावफळीला मिळून शिव्या घातल्या, आणि मी अठरा महिन्यांचा नवा करार करून फोन ठेवला. करारात स्पोर्ट्स चॅनेल होतं. इंटरनेट त्या रात्रीही सव्वासातला गेलं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. त्या काळात ब्रिटनमधल्या सगळ्याच मोठ्या कंपन्या हा प्रश्न विचारत होत्या, आणि सही शेवटी मीच केली होती. पण त्या एका प्रश्नात त्यांचा अख्खा धंदा होता हे कळायला मला बरीच वर्षं लागली. परवा एका मित्राशी वाद झाला. त्याचं म्हणणं, टेलिफोन कंपन्या फुटबॉलमध्ये उतरल्या म्हणून वर्गणी भरून बघायच्या स्काय टीव्हीची मक्तेदारी मोडली, स्पर्धा आली, प्रेक्षकाचं भलं झालं. मला ते अजिबात पटत नाही, आणि फोनवर नीट सांगता आलं नाही म्हणून इथे लिहितोय.

फुटबॉल दाखवून भलतंच काहीतरी विकायचं, ही युक्ती टेलिफोनवाल्यांची नव्हे. ती स्कायची. १९९२ मध्ये इंग्लंडमधल्या अव्वल क्लबांची प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा तिचे सामने दाखवायला आयटीव्ही या विनाशुल्क चॅनेलने २६ कोटी २० लाख पौंडांची बोली लावली होती. स्कायचा करार झाला पाच वर्षांसाठी ३० कोटी ४० लाखांचा. टॉटनहॅम क्लबचे अध्यक्ष ॲलन शुगर यांनी बैठकीच्या ठिकाणाहून स्कायला फोन करून बोली वाढवायला सांगितलं, हा किस्सा इथे जुन्या लोकांना तोंडपाठ आहे. शुगर यांची ॲमस्ट्रॅड कंपनी स्कायच्या डिश बनवायची, हा त्यातला मसाला. क्लबांनी १४ विरुद्ध ६ मतांनी स्कायला कौल दिला. तोवर तोट्यात बुडालेली स्काय त्या जोरावर घराघरांत शिरली. पुढे १९९६ मध्ये स्कायमागचे उद्योगपती रुपर्ट मरडॉक यांनी भागधारकांना उघडच सांगितलं, की पैसे मोजून बघायच्या टीव्हीसाठी खेळ हा दार फोडायचा ओंडका आहे. माणूस स्पष्टवक्ता, एवढं मान्य करावं लागेल.

मग स्कायने तोच ओंडका दुसऱ्या दारावर वापरला. २००५ मध्ये त्यांनी ईझीनेट ही इंटरनेट कंपनी घेतली, २००६ पासून ब्रॉडबँड विकायला लागले, आणि २०१२ येईतो त्यांचे ब्रॉडबँड ग्राहक चाळीस लाखांच्या घरात गेले. यातले बरेच ब्रिटिश टेलिकॉमचे, म्हणजे बीटीचे, सोडून आलेले.

आता इथे एक गंमत आहे, ती समजली की बाकी सगळं उलगडतं. माझ्या भिंतीतून आत येणारी तार बीटीच्या मालकीची. (केबलवाली व्हर्जिन मीडिया सोडा, तिची तार वेगळी.) नियामकाच्या सक्तीमुळे ती तार बीटीला इतर कंपन्यांनाही भाड्याने द्यावी लागते. म्हणजे बिलावर नाव कुणाचंही असो, खांब तोच, तार तीच, रस्त्याच्या कोपऱ्यावरची हिरवी पेटीही तीच. माल सारखाच असेल तर गिऱ्हाईक धरून ठेवायचं कशाच्या बळावर? या धंद्यात सोडून जाणाऱ्या ग्राहकांना 'चर्न' म्हणतात, आणि सगळ्यांची झोप उडते ती त्या आकड्याने. चर्न कमी करायला दोनच रस्ते. एक म्हणजे तार सुधारायची, म्हणजे रस्ते खणायचे, वर्षानुवर्षं. दुसरा म्हणजे ग्राहकाचा क्लब विकत घ्यायचा.

जून २०१२ मध्ये बीटीने दुसऱ्या रस्त्यावर पाऊल टाकलं. प्रीमियर लीगचे तीन हंगाम, दर हंगामात ३८ सामने, ७३ कोटी ८० लाख पौंड. १ ऑगस्ट २०१३ ला बीटी स्पोर्ट सुरू झालं, लंडनच्या ऑलिंपिक पार्कमधल्या झगमगीत स्टुडिओतून. बीटीचं ब्रॉडबँड असेल तर फुकट! नसेल तर स्कायच्या डिशवर महिन्याला १२ पौंड. नोव्हेंबर २०१३ मध्ये त्यांनी चॅम्पियन्स लीग आणि युरोपा लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धाही उचलल्या, २०१५ पासून तीन वर्षांसाठी, ८९ कोटी ७० लाखांना. तोवर चॅम्पियन्स लीगचे काही सामने आयटीव्हीवर कुणालाही विनाशुल्क दिसायचे, हे आता कुणाला आठवतही नाही.

स्कायशी टक्कर घेऊन आधी दोघांचं दिवाळं निघालं होतं. आयटीव्ही डिजिटलने फुटबॉल लीगशी, म्हणजे खालच्या श्रेणीतल्या क्लबांशी, ३१ कोटी ५० लाखांचा करार केला आणि २००२ मध्ये गाशा गुंडाळला. छोट्या क्लबांचे १७ कोटी ८५ लाख बुडाले, आणि काही क्लब त्या खड्ड्यातून वर यायला कित्येक वर्षं धडपडले. सेटांटा ही दुसरी चॅनेल कंपनी जून २००९ मध्ये बसली. बीटी मात्र बुडाली नाही. कारण साधं आहे, बीटीला चॅनेल चालवून नफा कमवायचाच नव्हता. चॅनेलच्या खिशात भोक पडलं तरी ब्रॉडबँडच्या खिशात शिल्लक होती. फुकटचं फुटबॉल म्हणजे आवळा, आणि माझा अठरा महिन्यांचा करार म्हणजे कोहळा.

आता मित्राच्या 'स्पर्धे'कडे येतो. स्पर्धेने भाव कधी उतरतो? एकच वस्तू दोन दुकानांत मिळते तेव्हा. स्कायने सगळेच सामने एकट्याने घेऊ नयेत असा आग्रह युरोपियन कमिशनने धरला, आणि २००७ पासून सामन्यांचे सगळे गठ्ठे एकट्याला घेता येईनासे झाले. हेतू चांगला होता. पण गठ्ठा ज्याने घेतला त्याच्याकडेच तो. लिव्हरपूल–युनायटेड सामना स्कायवर असेल तर तो बीटीवर नाही, आणि बीटीवरचा दुसरा कुठलातरी सामना त्याला पर्याय नाही. आपला क्लब म्हणजे साबण नव्हे, की हा नसेल तर तो द्या. झालं असं, की एका मक्तेदारीचे दोन तुकडे झाले आणि दोन्ही तुकड्यांचे पैसे एकाच माणसाने भरायचे. म्हणजे मी. पूर्वी एक वर्गणी भरून जेवढं दिसायचं तेवढं बघायला दोन वर्गण्या लागायला लागल्या आणि त्याला 'ग्राहकाला पर्याय' असं नाव पडलं.

आणि लिलाव? २०१० ते १३ या तीन हंगामांचे थेट प्रक्षेपणाचे हक्क १७७ कोटी पौंडांना गेले होते. बीटी उतरल्यावर पुढच्या तीन हंगामांना ३०२ कोटी. फेब्रुवारी २०१५ च्या लिलावात ५१३ कोटी ६० लाख. दोन लिलावांत जवळपास तिप्पट! त्यातले ४१७ कोटी ६० लाख एकट्या स्कायचे, दर हंगामात १२६ सामन्यांसाठी. एका खरेदीदाराला तेवढेच घेता येत होते, नाहीतर अजून घेतले असते. स्कायला एक सामना सुमारे १ कोटी १० लाखांना पडला. बीटीने दर हंगामात ४२ सामन्यांना तीन हंगामांचे मिळून ९६ कोटी दिले, म्हणजे सामन्याला ७६ लाख. बोली बंद पाकिटात असतात, समोरचा किती घालणार ते दिसत नाही. भीतीपोटी घातलेला पैसा तो.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो पुढचा अंक. डिसेंबर २०१७ मध्ये स्काय आणि बीटीने हात मिळवले, एकमेकांची चॅनेलं आपापल्या ग्राहकांना विकायचं ठरवलं. जेमतेम दोन महिन्यांनी, फेब्रुवारी २०१८ मध्ये, लिलाव झाला आणि स्कायने पुन्हा तीन हंगामांसाठी, दर हंगामात १२८ सामने ३५७ कोटी ९० लाखांत घेतले. दोन सामने जास्त, साठ कोटी कमी. क्लब तेच, खेळाडू तेच, पाऊसही तोच. बदललं होतं एवढंच, की आता कुणी कुणाचं गिऱ्हाईक पळवणार नव्हतं. म्हणजे मधल्या पाच-सहा वर्षांत फुटबॉलचा जो 'भाव' वाढला म्हणून सांगत होते, त्यात फुटबॉल किती होतं आणि ब्रॉडबँडचं भांडण किती?

बरं, साठ कोटी वाचले म्हणून माझं बिल उतरलं का? पुढे चला.

हे पैसे भरले कुणी, हा माझा खरा मुद्दा आहे. मी तरी फुटबॉल बघतो. २०१७ मध्ये ऑफकॉम या नियामकाने नुसती लँडलाइन असलेल्या लोकांकडे लक्ष वेधलं. ज्यांच्याकडे ब्रॉडबँड नाही, टीव्हीचं पॅकेज नाही, फक्त भिंतीवरचा फोन. यात वयस्कर माणसं जास्त. फोन कंपन्यांना ही सेवा घाऊक दराने स्वस्त पडत गेली होती आणि यांचं भाडं मात्र चढत गेलं होतं. कारण उघड आहे, ही माणसं सोडून जात नाहीत, त्यांचं चर्न नाही. शेवटी बीटीने एप्रिल २०१८ पासून त्यांचं भाडं महिना १८.९९ पौंडांवरून ११.९९ वर आणायचं कबूल केलं. सात पौंड! एका फटक्यात! ते सात पौंड सरळ स्ट्रायकरच्या पगारात गेले असं मी म्हणत नाही, पैशाला रंग नसतो. पण जो जाऊ शकतो त्याला फुकट फुटबॉल आणि जो जाऊ शकत नाही त्याला वाढीव भाडं, हे एकाच काळात घडत होतं, एवढं लक्षात राहू द्या.

मित्राच्या बाजूने एक गोष्ट मान्य करतो. बीटीने २०१६ पासून काही वर्षं चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना यूट्यूबवर सगळ्यांना मोफत दाखवला. बिल न भरता, डिश न लावता. ते छान होतं. पण तीही जाहिरातच होती, आणि जाहिरातीचा खर्च परवडेनासा झाला की जाहिरात बंद होते.

तशी ती झालीच. मोती नाकापेक्षा जड झाला. फुकटचं हळूहळू पैसे देऊन झालं, आणि २०२२ मध्ये बीटीने हा संसार वॉर्नर ब्रदर्स डिस्कव्हरी या अमेरिकन कंपनीबरोबर अर्ध्या-अर्ध्या भागीत टाकला. जुलै २०२३ मध्ये बीटी स्पोर्ट ही पाटीही उतरली. नवं नाव टीएनटी स्पोर्ट्स, ॲपवर तेव्हा महिन्याला २९.९९ पौंड. त्याच्या दहा वर्षं आधी फुकट किंवा बारा. तुलना अगदी काटेकोर नाही, चॅनेलवरचे खेळ वाढलेत, बघायची तऱ्हाही बदललीये. पण माझ्या खात्यातून जाणारी रक्कम त्या बारीकसारीक फरकांची दखल घेत नाही.

प्रीमियर लीगचा २०२५ पासूनच्या चार हंगामांचा करार ६७० कोटींचा आहे. दर हंगामात ३८० पैकी निदान २६७ सामने दिसणार, त्यातले निदान २१५ स्कायवर आणि ५२ टीएनटीवर. म्हणजे दोन्ही वर्गण्या भरल्या तरी शंभरावर सामने ब्रिटनमध्ये थेट बघायची सोयच नाही. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच इथे टीव्हीवर थेट फुटबॉल दाखवायला बंदी आहे, माणसांनी स्टेडियमात जावं म्हणून. नियम जुना आहे, त्यामागचा विचार मला पटतोही. पण ज्या देशात हा सामना चाललाय त्या देशात बसून तो दिसत नाही आणि जगभर दिसतो, हे कुणाला समजावून सांगताना फार विचित्र वाटतं.

एवढ्या सगळ्या रामायणात बीटीकडे ब्रॉडबँडचे ग्राहक टिकले का? काही टिकले असतील. मी माझ्यापुरतं सांगतो. आता आमच्या गल्लीत फायबर आलंय, संध्याकाळी सातनंतरही नेट चालतं, आणि गेल्या पाच वर्षांत कंपनी बदलावी असं एकदाही मनात आलेलं नाही. या कंपनीकडे फुटबॉल नाही. काहीच नाही, नुसती तार आहे.