लेक्चर ५ टक्के, शिकवणं ९० टक्के: हा त्रिकोण आता थांबवूया

कॉलेजात विज्ञान रंजकपणे कसं शिकवावं यावर वर्कशॉप असलं की तो रंगीत त्रिकोण पडद्यावर येतोच. टोकाला लेक्चर, ५ टक्के. त्याखाली वाचन १०, दृक्‌श्राव्य साधनं २०, प्रात्यक्षिक दाखवणं ३०, गटचर्चा ५०, स्वतः करणं ७५ आणि तळाशी दुसऱ्याला शिकवणं, ९० टक्के. विद्यार्थ्यांच्या इतकं लक्षात राहतं, असं म्हणतात. वर्गात विद्यार्थ्यांनी नुसतं ऐकत बसू नये, डोकं चालवावं, असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच हा त्रिकोण खटकतो.

‘हे संशोधनातून सिद्ध झालंय.’

झालेलं नाही. एडगर डेल या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी १९४६ साली अनुभवांचा एक शंकू काढला होता. प्रत्यक्ष अनुभव तळाशी, शब्द टोकाला. त्यात एकही टक्का नव्हता. आकडे नंतर कुणीतरी चिकटवले. त्रिकोणाखाली ज्या नॅशनल ट्रेनिंग लॅबोरेटरीजचं नाव छापतात, त्या संस्थेनेच मूळ संशोधन आता आपल्याकडे नाही आणि सापडतही नाही, असं कळवलं आहे.

आकडे नुसते पाहिले तरी शंका यावी. सगळे पाचाच्या पटीत. कशाचे टक्के? तासाभराने मोजले की महिन्याने? एन्ट्रॉपीसारखी संकल्पना ३० टक्के लक्षात राहिली म्हणजे नेमकं काय झालं?

‘वाचलेलं १० टक्केच राहतं.’

रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सूर्य आणि समुद्री पाणमांजर यांवरचे छोटे उतारे दिले. ज्यांनी चारही सत्रांत उतारा फक्त वाचला, त्यांना आठवड्यानंतर सुमारे ४० टक्के आठवलं. ज्यांनी एका सत्रात वाचून उरलेल्या तीन सत्रांत न बघता आठवून लिहिलं, त्यांना ६१ टक्के. दोन्हीकडे वाचनच होतं. फरक पडला तो पुस्तक मिटून आठवण्याने.

‘लेक्चरमधून काही मिळत नाही.’

कधी दिलं यावर ते ठरतं. श्वार्ट्झ आणि ब्रॅन्सफोर्ड यांच्या १९९८ च्या अभ्यासात काही विद्यार्थ्यांनी आधी प्रयोगांची माहिती स्वतः ताडून पाहिली, काहींनी त्याच विषयावरच्या मजकुराचा सारांश लिहिला. मग दोघांनी तेच लेक्चर ऐकलं. नव्या प्रयोगाचं भाकीत करायला सांगितल्यावर पहिला गट बराच पुढे होता. आधी प्रश्नाशी झटापट झाली असेल, तर लेक्चर कामी येतं.

‘प्रात्यक्षिक दाखवलं की डोक्यात बसतं.’

धातूच्या पत्र्याला मधोमध भोक आहे. पत्रा तापवला तर भोक मोठं होईल की लहान? शिक्षकाने तापवून दाखवलं तर वर्ग बघतो, मान डोलावतो आणि पुढे जातो. आता तापवण्याआधी प्रत्येकाला वहीत उत्तर लिहायला लावा आणि शेजारच्याला पटवायला सांगा. ‘धातू सगळीकडून फुगणार, म्हणजे भोक बुजत जाणार’ असं ठासून सांगणारे बरेच निघतात. भोक मोठं होताना दिसलं की त्यांना ‘का?’ विचारल्याशिवाय राहवत नाही.

हार्वर्डमध्ये कॅथरीन क्राउच, एरिक माझुर आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं, २००४ साली. प्रात्यक्षिक नुसतं बघितलेल्यांची समज, ते न बघितलेल्यांपेक्षा फारशी वेगळी नव्हती. आधी अंदाज बांधलेल्यांची चांगली होती. प्रात्यक्षिक तेच, जास्तीची मिनिटं मोजकीच. त्रिकोणात मात्र दोघांना एकच आकडा.

‘स्वतः केलं की ७५ टक्के.’

हा दावा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण त्याच्या भरवशावर आपण प्रॅक्टिकलकडे बघायचंच सोडून देतो. साध्या लंबकावरून ‘जी’, म्हणजे गुरुत्वीय त्वरण, काढायचा प्रयोग घ्या. विद्यार्थ्याला उत्तर ९.८ आलं पाहिजे हे आधीच माहीत असतं. ९.३ आलं की तो वीस आंदोलनांचा वेळ थोडा ‘सुधारतो’, जर्नल पूर्ण करतो, सही घेतो. हात चालले, डोकं चाललं नाही.

नताशा होम्स आणि नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी तीन विद्यापीठांतले, लेक्चरमधला भाग पक्का व्हावा म्हणून ठेवलेले नऊ लॅब-कोर्स तपासले. त्या भागावरच्या परीक्षेतल्या प्रश्नांत लॅब केलेल्यांना मोजता येईल असा काहीच फायदा झालेला नव्हता.

त्याच लंबकाचा प्रश्न बदलून बघा: १० अंशांवरून सोडला आणि २० अंशांवरून सोडला, तर आवर्तकाल, म्हणजे एका आंदोलनाला लागणारा वेळ, सारखाच येतो का? पुस्तकात सारखा येतो. खरा फरक साधारण अर्ध्या टक्क्याचा आहे. ढोबळ मोजलं तर तो दिसतच नाही. मग जास्त आंदोलनं मोजायची, पुन्हा पुन्हा मोजायचं, आपल्या मोजणीत चूक किती हे ठरवायचं. पुस्तकातलं सूत्र लहान कोनांपुरतंच खरं आहे, हे विद्यार्थ्याला स्वतःच्या आकड्यांतून कळतं आणि आकडे ‘सुधारायची’ गरजच उरत नाही. साहित्य तेच: दोरा, गोळा, स्टॉपवॉच.

‘दुसऱ्याला शिकवलं की ९० टक्के.’

शिकवायची तयारी करताना आपलं आपल्याला नीट कळतं, हे मान्य. पण सेमिनारमध्ये एक विद्यार्थी बोलतो आणि बाकीचा वर्ग ऐकतो. त्रिकोणच खरा मानला, तर त्या एकाच्या ९० टक्क्यांसाठी बाकी सगळे ५ टक्क्यांवर बसले.

‘आकडे चुकले असतील, संदेश तर बरोबर आहे ना?’

तोही नाही. हा त्रिकोण साधनांची उतरंड लावतो, म्हणून वाचन कमी होतं आणि पीपीटीवरचे सेमिनार वाढतात. साधन कुठलंही असो, विद्यार्थी त्या वेळी विचार करतोय का, एवढंच बघायला हवं. शिवाय एखादा साशंक सहकारी हे आकडे शोधायला गेला आणि हाती काही लागलं नाही, की खऱ्या पुराव्यावरचाही त्याचा विश्वास उडतो.

आणि खरा पुरावा भक्कम आहे. स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले. फक्त लेक्चर असलेल्या वर्गांत सरासरी ३३.८ टक्के विद्यार्थी नापास होत किंवा विषय सोडून देत. विद्यार्थ्यांना वर्गातच प्रश्नांवर काम करायला लावणाऱ्या वर्गांत हे प्रमाण २१.८ टक्के होतं. पुढच्या वर्कशॉपमध्ये पडद्यावर हे दोन आकडे लावा. कुणी ‘कुठून आणलेत?’ विचारलं, तर मूळ पेपर हातात देता येतो.