मोती, मिशी आणि मान

मार्च २०२० मध्ये जग घरात कोंडलेलं असताना लॉस एंजलिसच्या गेटी म्युझियमने एक खूळ काढलं: घरातल्या तीन वस्तू घ्या आणि एखादं गाजलेलं चित्र स्वतः वठवा. कल्पना मुळात एका डच इन्स्टाग्राम खात्याची. म्हणजे खूळही संसर्गजन्यच.

लेकीने आधी लिओनार्दोचं ‘लास्ट सपर’ काढलं. टेबलाशी तेरा माणसं. आई म्हणाली, “एवढ्या गर्दीत मी बसायची नाही.” मग व्हर्मीरची, १६६५ च्या सुमाराची, मोत्याचं कानातलं घातलेली मुलगी ठरली. ती बिचारी एकटीच असते.

लेक दिग्दर्शक, बायकोची मीटिंग, आईचं वय झालेलं. उरलो मी. वय बावन्न, मिशी भरघोस. “मिशीचं नंतर बघू,” दिग्दर्शक म्हणाल्या.

डोक्याला निळा टॉवेल, त्यावर पिवळा नॅपकिन, कानाला चिकटपट्टीने लसणाची पाकळी. मूळ चित्रातला निळा अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडाचा. साडेतीनशे वर्षं टिकलाय. आमच्या टॉवेलचा घामासरशी कपाळावर उतरला. मागे काळोख हवा म्हणून खिडकीचा हिरवा पडदा काढून काळी चादर लावली. (चिकटपट्टी आणि चादर या वस्तू नव्हेत, असा निकाल दिग्दर्शकांनीच दिला.)

“मान वळवा. ओठ जरा उघडे. नजर ओली.” पाऊण तासाने नजर आपोआप ओली झाली. मान मात्र तिथेच राहिली.

फोटो घाईत इमारतीच्या ग्रुपवर गेला, एका अक्षराचाही खुलासा न करता.

“ताप किती?”

“ऑक्सिजन बघितला का? कपाळ निळं पडलंय!”

“चौदा दिवस दार उघडू नका.”

कुणीतरी दाराशी पॅरासिटॅमॉलची पट्टी ठेवली, बेल वाजवली आणि जिन्यावरून धूम ठोकली. आभार मानायला मी खिडकीत गेलो, तर वाकडी मान बघून समोरच्यांनी आपली खिडकी लावून घेतली. शेवटी लेकीने मूळ चित्र शेजारी ठेवून खुलासा टाकला. त्यावर तिसऱ्या मजल्यावरून विचारणा आली, “ह्या बाई कोण? यांनाही तुमच्याकडूनच लागण झाली का?”

एप्रिलअखेर हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयाने तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले. त्या मुलीमागे मुळात काळोख नव्हताच. हिरवा पडदा होता. काळाच्या ओघात त्याचा रंग गेला.

लेकीने खिडकीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

“बाबा, हलू नका.”

हलता येतच नव्हतं.